कटिंगवाल्या काकांचा उस्तरा

मित्रांनो, आज स्वतःवरच डोकं फिरलं आहे.

कामठ्याच्या आमच्या कटिंगवाल्या काकांचे हात थरथरतात, म्हणून त्यांनी दुकान बंद केलं आणि त्यांचा उस्तरा मला दिला. दाढीसाठी माझा पहिलाच! मोबाइलवर व्हिडिओ बघत आठ दिवस घासून गंज काढला, पण धार येईना. आज वैतागून गोंदियाच्या बाजारात धारवाल्याला दिला. त्यानं थेट मशीनवर धरला. ठिणग्या उडाल्या, पातं तापून निळं पडलं, कडेचा तुकडाच उडाला.

तोंड पाडून काकांकडे गेलो. त्यांनी तुटक्या कडेवरून बोट फिरवलं.

"एवढी घाई काऊन केली बापू? मले विचारायचं होतं ना! मी का मरून गेलो होतो?"



इतके व्हिडिओ पाहिले, पण ज्यांनी त्याच उस्तऱ्यानं जन्मभर दाढ्या केल्या, त्यांनाच विचारलं नाही. तुम्हीही असंच करता का हो?