ज्वारीच्या पोत्यामागे गेलेली वकीलबाई

शांता गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ दवाखान्यात बसले होते. बोलताना तिला धाप लागत होती. नर्सने दोनदा येऊन गप्प पडून राहायला सांगितलं, तरी हिची नजर सलाइनच्या बाटलीवरून हलेना. तेवढ्यात तरुण डॉक्टर फेरीवर आले. शांताने त्यांना विचारलं, “हे ग्लुकोज कशापासून करतात हो?” ते म्हणाले, “बहुतेक मक्यापासून.” “मका कुठला?” डॉक्टर हसले, म्हणाले, “विचारून सांगतो, मावशी.” आणि त्यांनी खरंच कुठेतरी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उत्तर घेऊन आले तेव्हा कॉटवरची चादर बदलून झाली होती. व्हरांड्यात मला पाहून ते थबकले. म्हणाले, “मका आपल्याच भागातला आहे म्हणे.” मी मान हलवली. ते उत्तर मी कुणाला नेऊन द्यायचं होतं...

धुळ्याला देवपुरात आम्ही एकाच चाळीत समोरासमोर राहत होतो. मी शाळेत मराठी शिकवायची, ती जिल्हा कोर्टात वकिली करायची. तिचे यजमान गौतमराव एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. माझं माहेर जामनेरकडचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. तिचं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. तिचे वडील सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे. खळं उठलं की मालकाने नेऊन उरलेलं, मातीसकट झाडून गोळा केलेलं मातेरं त्यांच्या वाट्याला यायचं. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती म्हणाली, “मी लहानपणी आईला विचारायची, चांगला दाणा कुठे जातो? आई म्हणायची, गाडीत बसून जातो. मला वाटायचं, आपल्याला गाडीत कधी बसायला मिळेल?” शिकून, वकील होऊन, काळा कोट अंगावर चढवूनही तो दाणा कुठे जातो हे तिला कळलं नव्हतं, आणि ते तिला अगदी मनापासून जाणून घ्यायचं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका हिवाळ्यात आम्ही दोघी जामनेरला माझ्या भावाकडे, नानाकडे गेलो होतो. नानाची ज्वारी खळ्यावरून निघून मार्केट यार्डात जायची होती. शांताने घरातली दाभण मागून घेतली आणि एका पोत्याच्या तोंडाशी लाल सुतळीचे चार टाके घातले. नाना बघतच राहिला. “शांताताई, हे काय?” “ओळख पटायला. मी या पोत्याबरोबर जाणार आहे.” नानाला ती चेष्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी यार्डातून व्यापाऱ्याचा ट्रक निघाला तेव्हा ड्रायव्हरशेजारी शांता बसली होती आणि तिच्याशेजारी, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, मी. ड्रायव्हर वयस्कर होता. वाटेत तिने त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने कंटाळून तिलाच विचारलं, “अक्का, तुम्ही सरकारी आहेत का?” ती म्हणाली, “नाही हो. मी खाणारी आहे.”

जळगावच्या गोदामात ते पोतं उतरलं आणि तिथून पुढे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालात चढलं. तितक्या लांब जाणं आम्हाला शक्य नव्हतं. पण तोच ड्रायव्हर तो माल घेऊन जाणार होता. शांताने त्याला लाल टाक्याचं पोतं दाखवून ठेवलं. काही दिवसांनी तो धुळ्यावरून जाताना मुद्दाम कोर्टासमोर थांबला. बार रूमच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “अक्का, तुमची ज्वारी कोंबड्यांनी खाल्ली.” ती पोती कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्या कारखान्यात गेली होती. शांता चिडली नाही. तिने त्याला चहा पाजला आणि विचारलं, “मग त्या कोंबड्या कुठे गेल्या?”

त्याच आठवड्यात ती माहेरी गेली होती. तिथल्या रेशन दुकानात कुठूनसा लांबून आलेला गहू होता, पाखरं पडलेला, आणि त्या भागातल्या बायकांना तो घेण्यावाचून इलाज नव्हता. घरी आल्यावर तिने कोटसुद्धा न काढता मला सांगितलं, “जामनेरची ज्वारी गाडीत बसून बाहेर जाते, आणि बाहेरचा गहू गाडीत बसून साक्रीला येतो. दोन्ही गाड्या धुळ्याच्या नाक्यावर एकमेकींना ओलांडून जात असतील. हे कोण ठरवतं, ते मला बघायचं आहे.” चौकशी करता करता तिला कळलं की हे अमुक एकाने ठरवलेलं नाही. जवळचं धान्य जवळच्या दुकानात आलंच पाहिजे असं सांगणारा कायदाच नाही, म्हणून ते येत नाही. “मग तो करू या,” ती म्हणाली. भाजी करू या म्हणावं तितक्या सहज.

आमच्या भागातले एक आमदार होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. वय झालेलं, कमी बोलणारे. शांताचं सगळं ऐकून ते म्हणाले, “मी अशासकीय विधेयक मांडतो, म्हणजे सरकारचं नाही, माझं एकट्याचं. पास होणार नाही हे आत्ताच सांगतो. पण मांडतो. मसुदा तुम्ही करा.” मसुदा शांताचा आणि भाषा माझी, असं ठरलं. पहिल्याच कलमावर आमचं घोडं अडलं. स्थानिक धान्य म्हणजे कुठलं? मी शब्दकोश उघडला तर शांताने तो मिटून ठेवला आणि मला साक्रीच्या आठवडे बाजारात घेऊन गेली. तिथे ती येईल त्याला विचारत सुटली. एक म्हातारबाबा विचार करून म्हणाले, “जठे मना बैल एक दिनमा जाईसन परत येस, तठलोंग बठ्ठं आपलं.” बैल दिवसभरात जाऊन परत येईल तिथपर्यंतचं सगळं आपलं, असं त्यांचं माप. त्यांच्याशेजारी मिरच्या विकणारी बाई लगेच म्हणाली, “जठे लेक देल शे, तठलं बी आपलंच.” तिची लेक सुरतेकडे दिलेली होती. जामनेरच्या एका व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “ज्या बाजाराचा भाव मला फोनवर कळतो, ते सगळं लोकल.” शांताला ही तिन्ही उत्तरं सारखीच आवडली. मला मात्र यातलं कलमात काय लिहावं ते समजेना. शेवटी आम्ही ‘तो तालुका व त्याला लागून असलेले तालुके’ असं लिहिलं. ते वाचून ती जरा उदास झाली. म्हणाली, “बरोबर आहे. पण यात ना बैल आहे, ना लेक.”

हिवाळी अधिवेशनात, एका शुक्रवारी, आबांचं विधेयक चर्चेला आलं. आम्ही दोघी नागपूरला गेलो. प्रेक्षकांच्या सज्जात बसण्याआधीच आबांनी आम्हाला बाहेर बोलावलं. मंत्र्यांचा निरोप आला होता. विधेयक मागे घ्या, आम्ही काही तालुक्यांत प्रयोग म्हणून जवळची ज्वारी-बाजरी रेशन दुकानांत देऊन पाहू. नाही घेतलं, तर मतदानात ते पडणार हे उघड होतं. आबा म्हणाले, “शांताबाई, मसुदा तुमचा. सांगा.” मी ताडकन म्हणाले, “पडलं तर पडू दे. मतदान होऊ द्या, कोण कुठल्या बाजूला आहे ते लोकांना कळेल.” मला ते खरंच तसं वाटत होतं. शांताने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिने आबांना विचारलं, “तालुके कोणते? खरेदी कुणाकडून? शेतकऱ्याकडून की व्यापाऱ्याकडून?” आबा दोनदा आत जाऊन आले. साक्री त्यात होतं. खरेदी शेतकऱ्याकडून होणार होती. मग ती म्हणाली, “मागे घ्या. पण हे त्यांनी इथे लॉबीत सांगून चालणार नाही. सभागृहात उभं राहून बोलायचं. तिथे बोललेलं आश्वासन लिहून घेतलं जातं, त्याचा पुढे हिशोब विचारता येतो.”

मंत्री तसं उभं राहून बोलले. आबांनी विधेयक मागे घेतलं. सगळं इतक्या झटपट उरकलं की सज्जातल्या लोकांना काही झाल्याचं कळलंही नसेल. परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “पडलेलं बिल कुणाला खाता येत नाही गं.” मी भाकरी खाल्ली, पण तिचं म्हणणं तेव्हा मला पटलं नव्हतं.

प्रयोग सुरू व्हायला वर्ष गेलं. दरम्यान शांता आबांकरवी सारखी विचारणा करत राहिली. अखेर साक्री तालुक्यातल्या एका गावात, तिच्या माहेराजवळच, रेशन दुकानात जवळच्या शेतांतली ज्वारी आली. त्या दिवशी आम्ही तिथे होतो. एका म्हातारीने मूठभर ज्वारी नाकाशी धरून हुंगली आणि पिशवी पुढे केली. शांताचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. इतक्या वर्षांत तिला इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात रांगेतली एक तरुण बाई, कडेवर मूल घेतलेली, दुकानदाराला म्हणाली, “ज्वारी नको, गहू दे.” तो म्हणाला, या महिन्यापासून ज्वारी. ती वळली आणि कुणीतरी शांताकडे बोट दाखवलं असावं, कारण सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “आमना पोरेस्ले बी पोळी गोड लागस. गहू काय फक्त सायेबस्नीच खावाना का?”

मी मधे पडून ज्वारी कशी चांगली वगैरे सांगणार होते. शांताने माझा हात दाबला. तिने त्या बाईला विचारलं, “पोळी तुम्ही घरी कधी करता?” “सणले.” “आणि गहू रोज मिळाला तर?” बाई म्हणाली, “रोज नही. पन कवय खावानी ते मी ठरावसू.” कधी खायची ते तिला स्वतः ठरवायचं होतं. शांता तिच्याशेजारी ओट्यावर बसली आणि बराच वेळ तिचं ऐकत राहिली. कामाला कुठे जाते, भाकरी किती वेळ पुरते, पोरं डब्यात काय मागतात... परतताना एस.टी.त ती म्हणाली, “मी मातेरं खाऊन वाढले, म्हणून चांगली ज्वारी आली की सगळं झालं असं मला वाटलं. काय खायचं ते आम्हाला कुणी कधी विचारलं नव्हतं. आता मीही तिला विचारलं नाही.” त्यानंतर तिने आपली मागणी बदलली. जवळचं धान्य दुकानात असावंच, पण गहूही असावा, आणि दोन्हींतलं काय घ्यायचं ते घेणाऱ्याने ठरवावं. आबांनी तशी दुरुस्ती सुचवली. ती काही काळ चाललीही.

मग साठवणुकीची सोय नाही असं कारण पुढे आलं आणि दोन-तीन हंगामांनंतर प्रयोग बंद झाला. कायदा काही झाला नाही. आबाही पुढच्या निवडणुकीत पडले. पण त्या गावातल्या बायकांनी, त्यात ती गहू मागणारी बाई पुढे होती, सुगीच्या वेळी आसपासची ज्वारी एकत्र घेऊन गावातच कणग्या भरून ठेवायला सुरुवात केली. लागेल तशी ती आपापसांत वाटून घ्यायची. दुकानातून गहू, कणगीतून ज्वारी. ते अजून चालू आहे. शांता दर वर्षी एकदा तिथे जायची, आणि तिथल्या बायका तिला वकीलबाई न म्हणता अक्का म्हणायच्या. नागपूरच्या त्या शुक्रवारी मतदान झालं असतं तर यातलं काही झालं असतं का, हा प्रश्न माझ्या मनात अजून येतो. मी तिला तो कधीतरी विचारणार होते. तिला त्याचं उत्तर ठाऊक होतं असं नाही, पण तिने त्यावर आणखी चार प्रश्न नक्की काढले असते.

गेल्या आठवड्यात शांतासाठी बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, माणसं जेवून गेली, आणि घरात गौतमराव आणि मी दोघंच उरलो. चहाची भांडी ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर एक सूप होतं. त्यात एका बाजूला निवडलेली ज्वारी, दुसऱ्या बाजूला न निवडलेली. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ती निवडायला बसली होती आणि तशीच उठली होती. “कुणी हात लावला नाही,” गौतमराव दाराशी येऊन म्हणाले. “काय करावं ते कळत नाही.” मी म्हटलं, “तिने निवडलंय तेवढं दळून आणा.” ते जरा घुटमळले. मग ती ज्वारी डब्यात भरून सायकलवरून गिरणीत गेले.

पीठ गरम होतं. मी भाकऱ्या थापल्या, कांदा फोडला, ठेचा वाटला. आम्ही दोघं खाली पाटावर समोरासमोर बसलो. पहिल्या घासाला दाताखाली कचकन वाजलं. मी गौतमरावांकडे पाहिलं. तेही चावता चावता थांबले होते. “खडा,” ते म्हणाले. “चष्मा लागला होता तिला. पण निवडताना घालायची नाही, म्हणायची मला दिसतंय.” बोलता बोलता त्यांना हसू आलं. मलाही आलं. पुढच्या घासाला पुन्हा वाजलं, आणि त्यापुढच्यालाही. खडा बाजूला काढून ठेवावा असं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. भाकरी संपेपर्यंत आम्ही सावकाश चावत राहिलो.