शिरगावचा मुराळी विमानानं गेला

शिरगावच्या महिपतीला परदेशाचं काही विचारायचं नाही, हे बदलापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा दिवसांत चार देश बघून आलेला पंचक्रोशीतला हा एकटा माणूस, आणि त्या देशांचं नाव काढलं की हा तोंडातलं पान थुंकून म्हणायचा, "उपाशी गेलो, उपाशी आलो, वर फसवून घेतलं. फुडं विचारू नका."

त्याचा राग खोटा नव्हता. तो कुठून आला हे कळायला उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जायला हवं.

अठ्ठेचाळीस साली लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन पडले, तेव्हा महिपती तिथं दूध घालायचा. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. अशाच एका पडद्यामागं मोतीबाई नावाची एकोणीस वर्षांची पोर होती, दिवस भरत आलेली. नवरा हेमचंद्र दिवसभर खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार हिंडायचा. तिची आई कराचीहून येताना बोटीतच गेली होती. महिपतीनं हे घरी सांगितलं आणि त्याची आई बकुळा भडकली. नेमकी कुणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"पयलं बाळंतपण, आन् माहेर नाय?" ती म्हणाली. "ती पोर काय गोणपाटामागं बाळंत व्हनार? गाडी जुंप."

मोती शिरगावला आली. बकुळानं तिचं बाळंतपण केलं, शेक-शेगडी केली, रोज सकाळी अळिवाचा लाडू समोर बसून खायला घातला. मुलगी झाली. मोती दोन महिने राहिली, बाजेवर पडल्या पडल्या मराठी शिकली आणि त्या दिवाळीत तिनं महिपतीला भाऊबीजेला ओवाळलं. त्या दिवसापासून शिरगाव तिचं माहेर झालं. खरं माहेर तर आता नकाशाच्या पलीकडं गेलं होतं.

बावन्न साली हेमचंद्राला हाँगकाँगला नातेवाइकांच्या दुकानात जागा मिळाली. त्याचे बराकीतले दोन जिवलग दोस्तही पांगले. सदोरोमल, ज्याला सगळे सदू म्हणत, कोलंबोला गेला आणि हरिचंद्र सिंगापूरला. हे दोघंही महिपतीच्याच दुधावर चहा पिऊन उभे राहिले होते. मोती निघाली तेव्हा बकुळानं तिची ओटी भरली आणि म्हणाली, "मुराळी धाडीन. वाट बघ."

आता लेक काही आपल्या पायानं माहेरी येत नाही. माहेरचा कुणी पुरुष तिला आणायला जातो, तो मुराळी. त्यानं सासरच्यांपुढं शब्द टाकायचा आणि त्यांनी होकार द्यायचा. महिपतीच्या घरात याला आणखी एक शेपूट होतं. होकार मिळेपर्यंत मुराळ्यानं गोडाला हात लावायचा नाही. गोड खाल्लं म्हणजे बोलणं पक्कं.

चार वर्षं बकुळा पत्रं लिहवून घेत होती, मोतीला कधी धाडता म्हणून. हेमचंद्राची उत्तरं यायची. दुकानात गर्दी आहे. मुलीची शाळा आहे. शिरगावातल्या बाया पाण्यावर एकमेकींना डोळा घालून विचारायच्या, "बकुळाबाय, तुजी सिंधीण लेक कवा येते गं?" बकुळा घागर उचलून चालू लागायची.

छप्पन साली हेमचंद्रानं लिहिलं, "माताजी, तुमचा मुराळी तर अजून आलाच नाही. तो आला की लगेच पाठवतो."

गड्यानं हे हसत हसत लिहिलं असणार. पण शिरगावात कुणी हसलं नाही. "खरं हाय त्याचं," बकुळा म्हणाली. "मुराळी न धाडता लेक मागतो आपण. चूक आपली हाय." महिपतीला ते पटलं. त्यानं तिन्ही दोस्तांना कळवलं, मी येतो. दोस्तांना वाटलं, महिपतीला जग बघायचंय. त्यांनी आनंदानं मिळून तिकीट धाडलं, सदूच्या भावानं पासपोर्टासाठी धावपळ केली, आणि खण-नारळाचं फडकं काखेत मारून शिरगावचा मुराळी विमानात बसला.

कोलंबोला सदूनं त्याला दोन दिवस मोटारीतून उतरू म्हणून दिलं नाही. हा समुद्र बघ, हे देऊळ बघ, हे माझं दुकान बघ. घरी पापड आणि पाणी आलं, मागोमाग हलव्याचं ताट आलं. महिपतीनं पापड खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

"मुराळी हाय मी. होकार मिळाल्याबिगर गोड चालत नाय."

"अरे साईं, मोती तर हाँगकाँगला आहे. हे माझं घर आहे," सदू म्हणाला. त्याला लागलं ते दिसत होतं. महिपती ढिम्म हलला नाही.

सिंगापूरला तेच. हरिचंद्राच्या घरात तीन पंखे फिरत होते आणि तो महिपतीला प्रत्येक पंख्याखाली नेऊन उभा करत होता. "कॅम्पातला नळ अजून तसाच आहे काय रे?" त्यानं विचारलं. महिपती सांगायला लागला तोवर हरिचंद्र चौथी खोली दाखवायला पुढं गेला होता. त्याच नळावर एका बादलीसाठी हा माणूस रडला होता आणि महिपतीनं आपली दुधाची रिकामी किटली भरून दिली होती. महिपतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं बघायला आलो आणि ही मला फरशी दाखवतात, असं त्याला झालं. इथंही त्यानं बर्फी परत केली.

हाँगकाँगला हेमचंद्र जिना उतरून खाली आला, गळ्यात पडला, खूप हसला. मोती दारात उभी होती. अंगावर रेशमी साडी, पण पदर बकुळासारखा खोचलेला. तिनं वाकून नमस्कार केला आणि आत गेली. महिपतीनं खण-नारळ पुढं ठेवले आणि रीतसर शब्द टाकला.

"मोतीला न्यायला आलोय. परवाच्या विमानानं धाडा."

हेमचंद्राचं हसू हळूहळू उतरलं. "अरे भाऊ, ते तर मी मस्करीत लिहिलं होतं. शाळा आहे, सीझन आहे. पुढच्या साली बघू."

"मस्करी?" महिपती म्हणाला. "म्हातारीनं मानूस धाडला ना तुझ्या मस्करीवर. तुझी बायको गोणपाटामागं कळा देत व्हती, तवा आमी मस्करी नाय केली."

पण हेमचंद्र हो काही म्हणाला नाही. दोन दिवस त्यानं महिपतीला बोटीतून फिरवलं, डोंगरावर नेलं, मोठमोठाली दुकानं दाखवली. महिपतीनं काय बघितलं हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. तो भात आणि आमटी खायचा, आणि प्रत्येक जेवणाला पानातलं गोड बाजूला काढून ठेवायचा. हेमचंद्राची मुलगी ते टक लावून बघायची.

निघायच्या सकाळी मोतीनं त्याच्यापुढं वाटी ठेवली. वाटीत एक लाडू होता.

"खा दादा," ती म्हणाली.

"हो म्हनला?"

तिनं मान डोलावली. महिपतीनं लाडू खाल्ला. तिनं मग एक लोखंडी पेटी आणून ठेवली, कपड्यांनी भरलेली, दोरीनं आवळलेली. "ही पुढं ने. मी येते."

विमानाची वेळ झाली. महिपती विमानतळावर पेटीजवळ वाट बघत राहिला. हेमचंद्र एकटाच आला, मान खाली घालून. तेव्हा महिपतीला कळलं. बहिणीनं त्याला खोटं गोड खाऊ घातलं होतं. वाटेत बँकॉकला विमान तासभर टेकलं, तो चौथा देश. तिथं तो एका खुर्चीत पेटीवर पाय ठेवून बसला आणि सगळ्या जगाला शिव्या देत राहिला.

शिरगावला बकुळा ओट्यावर बसली होती. तिनं पेटी बघितली, पेटीमागं बघितलं.

"गोड खाल्लंस?"

"खाल्लं."

"मंग कुटं हाय ती?"

महिपतीनं सगळं सांगितलं. बकुळा ऐकत होती. शेवटी म्हणाली, "होकार सासरचा असतोय रे खुळ्या. तू उपाशी परत जाऊ नये म्हनून तिनं नुसतं तोंड गोड केलं तुजं. कसला व्हता लाडू?"

महिपतीला आत्ता ती चव आठवली. "अळिवाचा," तो म्हणाला. "तू करतीस तसा."

बकुळा उठली, पदर खोचला. "त्या हेमचंद्राला लिव. फुडचा मुराळी मी हाय."

"आये, बाईमानूस मुराळी जात नाय."

"पुरुष जाऊन काय उजेड पडला ते बघितलं. पासपोर्टाला फोटू लागतोय ना? चल."

कॅम्पातल्या फोटोवाल्यानं तिला तीनदा सांगितलं, माई, जरा हसा. ती हसली नाही. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, डोळे थेट समोर, हेमचंद्र समोरच बसलाय अशी ती बघत होती. महिपतीनं पत्र लिहिलं, आई येते आहे, आणि फोटोची एक प्रत पाकिटात घातली.

माघात मोती आली. लेकीला घेऊन, हेमचंद्राची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत एवढंच होतं की माताजींनी त्रास घेऊ नये. बकुळानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं वाक्य बोलली, "चार वर्सं लागली व्हय?" मग मोतीला पोटाशी धरून तिनं जे रडायला सुरुवात केली, ते थांबेना.

महिपती अंगणात धुमसत उभा होता. अकरा दिवस मी ताटावरून उपाशी उठलो, दोस्तांशी वाकडं घेतलं, आणि काम झालं ते म्हातारीच्या एका फोटोनं, हे त्याला काही केल्या पचत नव्हतं.

मोती डोळे पुसत बाहेर आली. हातात वाटी होती.

"मी नाय खात," महिपती म्हणाला.

"खा दादा," ती म्हणाली. "आता खोटं नाही."