याकोब मास्तरांचा दुसरा प्रश्न

गिटार शिकायला आलेल्या माणसाला याकोब मास्तर आधी दोन प्रश्न विचारत. "तुझं लाडकं गानं कोन्तं?" आणि "ते कुनाच्या तोंडून ऐकलंस?" दोन्ही उत्तरं वहीत उतरवून घेत. पहिला प्रश्न ठीक. दुसऱ्याशी यांना काय करायचंय? हा माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकला, हे सरळच लिहितो.

त्या दुष्काळात शेवगावजवळच्या खडीच्या कामावर आमची संघटना मजुरीसाठी भांडत होती. पत्रकं मी लिहायचो. मोर्चात गिटार असली तर माणसं थांबून ऐकतील, म्हणून आमचे म्हातारदेव आणि लक्ष्मण मास्तरांकडे जाऊ लागले. मीही एकदा गेलो आणि मोर्चाचं गाणं म्हणून दाखवलं. मास्तरांनी ते पुरतं ऐकलं आणि गिटार बाजूला ठेवली.

"हे तुला आवडत न्हाई."

"मास्तर, हे मीच लिहिलंय!"

"लिव्हलं असशील. आवडतं ते म्हन."

मी तरातरा निघून आलो. म्हातारदेव मात्र रमला. त्याने आईची जात्यावरची ओवी म्हटली. मास्तरांनी तिला लागतील तेवढ्याच बोटांच्या तीन जागा शिकवल्या. सरगम नाही, घोकंपट्टी नाही. आईचा आवाज चढा होता का, ते विचारलं. मग गिटारच्या दांडीवर पेन्सिल आडवी धरून रबराने आवळली, तसा सूर तेवढा वर गेला. "गानं ज्याच्याकडून आलं त्याचा आवाज बी संगं आला पायजे," ते म्हणाले. "न्हाईतर हाताला वळखच पटत न्हाई."

म्हातारदेव हे कौतुकाने सांगत होता. मी विचारलं, "आईचं नाव वहीत गेलं ना? मग झालं तर!"

पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी म्हातारदेव आणि लक्ष्मणला उचललं. नेमके दोघंच, नेमके मास्तरांचे शिष्य. त्यात मास्तर दर गुरुवारी खडीच्या ठेकेदाराच्या बंगल्यावर त्याच्या मुलीला शिकवायला जात. वर मिशनच्या शाळेतून निवृत्त, म्हणजे पाठीशी कोण, हेही मी ठरवून टाकलं. मास्तर पोलिसांचे खबरे, याला आणखी काय पुरावा हवा? त्याच दुपारी पत्रक लिहिलं: 'तार छेडणाऱ्या हातांपासून सावध!' नाव घातलं नाही, याचा मला अभिमान होता. अख्ख्या गावात तार छेडणारे हात दोनच होते.

आठ दिवसांत मास्तरांचा ओटा ओस पडला. ठेकेदारानेही मुलीची शिकवणी बंद केली. त्याला वाटलं, मास्तर आमच्यातले.

म्हातारदेव सुटला तो थेट माझ्या अंगावर आला. "फौजदाराच्या टेबलावर काय हुतं, म्हाईत हाय? तुझं मजुरीचं पत्रक! खाली 'आपले नम्र' म्हनून आमची नावं कुनी छापली रं, मास्तरनं?"

लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घालायचं नाही, ही आमची शिस्त. म्हणून मी बाहेर होतो.

मी मास्तरांकडे गेलो. ते गिटार चादरीत गुंडाळत होते. पुणतांब्याला लेकीकडे निघाले होते.

"मास्तर, उद्याच माफीचं पत्रक काढतो."

"कागूद नको. ज्या ज्या घरात त्यो कागूद दिलास, तिथं जा. तोंडानं सांग. लोकं बोलावतील तर यीन माघारी."

"आणि ती वही?" विचारलंच मी. खोड जाईना.

त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. गाणी, माणसांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द: चढा, बसका, खालचा. माझंही नाव होतं. पुढे गाण्याची जागा कोरी.

मास्तर अजून पुणतांब्यालाच आहेत. मी अजून दारोदार फिरतोय. काल यमुनाबाईंकडे गेलो. त्यांची थोरली मास्तरांकडे शिकायची. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं: चूक माझी, मास्तरांचा दोष नाही, मुलीला परत शिकू द्या. बाई सूप खाली ठेवून शांतपणे ऐकत होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आन हे सांगाया तुला कुनी धाडलं?"

"मास्तरांनी."

"तेच म्हनलं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.