मीठ मळतानाच टाकायचं

मंडळी, आज मी जिंकले आणि त्याचं श्रेय आईच्या धपाट्यांना!

मी धारूरला घरूनच काम करते. शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद ठेवणारं आमचं एक ॲप आहे. त्याचं माहितीपुस्तक वेबसाइटवर टाकायचं काम माझ्याकडे. पण शेळ्या राखणाऱ्या, पाली गावच्या मामांनी आधीच बजावलं होतं, "लिंकबिंक आमाला न्हाई उघडत. पीडीएफ पाठीव."

पीडीएफ बनवणारं प्लगइन, म्हणजे जोडीचं छोटं सॉफ्टवेअर, वेगळं बसवावं लागतं. मी ते चालू कंटेनरमध्ये, म्हणजे वेबसाइटचं सॉफ्टवेअर ज्या तात्पुरत्या खोक्यात चालतं त्यात, बसवायचे. तो बंद करून नवा सुरू केला की प्लगइन गायब! सकाळी तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा मी ओरडले, "डबा परत रिकामा!" आमच्या टीममध्ये कंटेनरला डबाच म्हणतात.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्ताच चार धपाटे घातले की त्यात!"

हसत हसत तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "मंग वरून कावून भुरभुरतीस? मीठ पीठ मळतानीच टाकावं लागतंय."

मी तडक लॅपटॉप ओढला. कंटेनर ज्या तयार इमेजमधून, म्हणजे साच्यातून, निघतो, तिच्यावरच प्लगइन बसवण्याची एक ओळ चढवली आणि आमची नवी इमेज बनवली. आता कितीही डबे काढा, प्लगइन आत हाय म्हणजे हाय!

पीडीएफ बनवून मामांना पाठवली आणि दुपारी त्यांचा मेसेज आला, "लई भारी. समद्यांला धाडली."

तुमच्या घरात असा सीनियर इंजिनिअर कोण आहे? आमच्याकडच्या इंजिनिअरला मी नाचतच सांगितलं, "आई, जमलं!"

"मंग आता डबा घासून ठेव."