गौरीपुढची मालगाडी

आमचे थोरले भाऊजी, शिवरामभाऊजी, मुगलसरायला मालगाडीचे गार्ड होते. सबंध नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. इंजिन पुढे कुठेतरी, दिसायचंसुद्धा नाही. हे मागे, एकटे, आणि समोर उलटं पळणारं जग. मला एकदा म्हणाले, "मुक्ता, अर्धा हिंदुस्थान पाहिला मी, पण सगळा पाठमोरा."

त्यातून आमच्या जाऊबाई लतिकाताई पडल्या इंजिन ड्रायव्हरची मुलगी. "अण्णांनी मला गाडीच्या शेपटाला बांधली," हे वाक्य इथे काशीत, दुर्गाघाटावरच्या प्रत्येक हळदीकुंकवात एकदा तरी ठरलेलं. भाऊजी हसून सोडून देत. पण इंजिन आपल्या हातानं हाकावं ही इच्छा मनात होतीच, आणि ती निवृत्तीनंतर वर आली.

त्यांचा मुलगा आदित्य जर्मनीत असतो. त्यानं छोट्या रेल्वेचा संच पाठवला, रूळ, इंजिन, चार वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि हातात धरायचा कंट्रोल. आता टेबल हवं. प्लायवुड गल्लीतून डोक्यावरून आलं ते जिन्याच्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. ताई खाली स्वयंपाकघरात, मी वर देवघरात, मध्ये प्लायवुड. नैवेद्याचं ताट मी खिडकीतून दोरीनं वर ओढून घेतलं. शेवटी सुतारानं तिथेच करवत चालवली आणि म्हणाला, "लीजिए बाबूजी, अब ई डबल लाइन हो गइल."

टेबल पुढच्या खोलीत लागलं, त्यावर रुळांचा गोल आणि बाजूला एक फाटा झाला, आणि भाऊजींनी आम्हाला बसवून समजावलं. "साध्या खेळण्यात बटण दाबलं की रुळावर असेल ते सगळं पळतं. हे डिजिटल आहे. रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच हुकूम जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप, तिला एक नंबर. ज्याचा नंबर पुकारावा तेच हलणार, बाकीची ढिम्म."

ताई म्हणाल्या, "आपल्या घराच्या उलटच की. इथे मी एकाला हाक मारावी तर सगळेच ढिम्म."

पुढे मजा अशी झाली की, ज्यांनी जन्मात सोवळं पाळलं नाही ते भाऊजी रुळांचं सोवळं पाळू लागले. रुळाला जरा तेलकट बोट लागलं की हुकूम इंजिनापर्यंत पोचत नाही, इंजिन अडखळतं. ताई आरतीची निरांजनं घेऊन खोलीत शिरल्या की हे ओरडायचे, "लांबून! लांबून! तूप आहे!" ताईंच्या वातींचा कापूस घेऊन रोज रूळ पुसायचे. देवाला वाती कमी पडू लागल्या तेव्हा ताईंचा पारा चढला.

आणि तशात भाद्रपद आला. आमच्या गौरी वर्षानुवर्षं त्याच पुढच्या खोलीत बसतात.

"टेबल काढा," ताई म्हणाल्या.

"गौरी टेबलाच्या त्या टोकाला बसव ना," भाऊजी म्हणाले. "नैवेद्य मी गाडीनं आणतो. या दारापासून थेट गौरीपुढे. सगळ्या बायकांच्या देखत."

ताईंनी जरा विचार केला. "आणा. पण गाडी चुकली, तर दुसऱ्या दिवशी टेबल गच्चीवर. माकडं खेळतील."

भाऊजी "बरं" म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्मं झालं. एवढ्या वर्षांनी हातात आलेलं इंजिन गच्चीवर जायचं म्हणजे काय, ते मला त्यांच्या ताटाकडे बघून कळत होतं.

गौरीपूजनाच्या सकाळी आदित्यचा मित्र सुमंत दिल्लीहून आला, त्याच्या पिशवीत दुसरं इंजिन. आदित्य फोनवर म्हणाला, "बाबा, कारखान्यातून सगळी इंजिनं तीन नंबर घेऊनच येतात. जुनं तीन आहे, नव्याला दुसरा द्या. नंबर द्यायला रुळाचा वेगळा तुकडा दिलाय, त्याच्यावर ते एकटं ठेवा." सुमंत चहा पिऊन विश्वनाथाला गेला.

संध्याकाळी बायका जमल्या. ताईंनी जुन्या इंजिनाला ज्येष्ठा आणि नव्याला कनिष्ठा म्हणून टाकलं होतं, त्यामुळे नंबर देणं म्हणजे बारशासारखंच झालं. भाऊजींनी नवं इंजिन त्या तुकड्यावर ठेवलं.

"हे काय?" ताई म्हणाल्या. "आजच्या दिवशी एकटी? गौरी कधी एकटी बसते का? दोघींना बसवा."

"अगं, पुस्तकात एकटं म्हटलंय."

"पुस्तक जर्मनीचं. त्यांना काय ठाऊक गौरी?"

कालिंदीकाकूंनीही मान हलवली. कालिंदीकाकू म्हणजे आमच्या गल्लीतलं सर्वोच्च न्यायालय. भाऊजींनी पुटपुटत विचार केला, "जुनीला नंबर आहेच म्हणा. तिला काय होतंय," आणि ज्येष्ठेलाही शेजारी ठेवलं. ताई म्हणाल्या, "अकरा द्या. दहा नको, वर एक असावा." भाऊजींनी कंट्रोलवर अकरा लिहिला. मी अक्षता टाकणार होते, त्यांनी माझा हात धरला.

मग कनिष्ठा दाराशी, मागे चार वाघिणी. पहिलीत हळद, दुसरीत कुंकू, उरलेल्या दोनांत बेसनाचे बोराएवढे लाडू. ज्येष्ठा त्या टोकाला, गौरींपुढे, येणारीकडे तोंड करून. स्वागताला नको का कुणी?

भाऊजींनी कोट चढवला होता. टेबलाशी ताठ उभे राहिले, अकरा पुकारला आणि गती दिली. कनिष्ठा निघाली. बायका "अगंबाई" म्हणाल्या. भाऊजींच्या चेहऱ्याकडे मी बघत होते, म्हणून मला उशिरा दिसलं की ज्येष्ठाही निघाली आहे.

"अहो, दोघी!" ताई किंचाळल्या.

भाऊजींनी थांबवायचं बटण दाबायचं, ते सोडून दोन्ही हात वर केले आणि "रुको! रुको!" म्हणून ओरडले. सवय ती. इंजिनांनी ऐकलं नाही. गणपतीच्या पाटासमोर ज्येष्ठा-कनिष्ठा एकमेकींना धडकल्या, हळदीची वाघीण उडाली, कुंकवाची तिच्यावर. समोरच बसलेल्या कालिंदीकाकू चष्म्यासकट पिवळ्या झाल्या. हळदीकुंकवावाचून त्या दिवशी कुणी म्हणून राहिलं नाही.

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "शिवराम, तू गार्डच बरा होतास रे."

भाऊजी एकेक लाडू उचलून ताटात ठेवत होते. मग खाली वाकून टेबलाच्या तारा सोडवायला लागले. मला ते बघवेना. मी आदित्यला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दोन्ही इंजिनं एकदम ठेवून नंबर दिलात का?" त्यानं विचारलं. "मग दोघांनीही अकरा घेतला. जुनं आता तीन राहिलंच नाही. दोन्ही पुढे निघाली, आणि तोंडं एकमेकांकडे असली तर दुसरं काय होणार?"

खोलीत सगळे ताईंकडे बघू लागले. भाऊजी टेबलाखालूनच म्हणाले, "चूक माझी. नंबर मी लिहिला."

ताई पदर खोचून पुढे झाल्या. "लिहिला त्यांनी, पण बसवल्या मी. कालिंदीकाकू, उठू नका, गाडी यायची आहे अजून. अहो, बाहेर या तिथून. एकेकीला वेगळं बसवा. मी रूळ पुसते."

आणि खरंच, वातींचा अख्खा डबा घेऊन त्या रुळांवरची हळद टिपत बसल्या. भाऊजींनी ज्येष्ठेला एकटीला ठेवून तीन परत दिला, मग कनिष्ठा एकटी तपासली आणि ज्येष्ठेला वाट मोकळी सोडून बाजूच्या फाट्यावर उभं केलं. पुन्हा वाघिणी भरल्या. अकरा पुकारला. कनिष्ठा निघाली, ज्येष्ठा जागची हलली नाही. गाडी वळणावरून आली, गौरींपुढे आली, आणि तशीच पुढे गेली.

"अहो, थांबवा!"

"थांबवतो, थांबवतो," भाऊजी म्हणाले, आणि आणखी एक फेरी झाली. आणि आणखी एक.

"देवीच्या नाकासमोरून ताट फिरवताय, पाप लागेल!"

तेव्हा कुठे गाडी थांबली. नैवेद्य झाला. काकूंनी लाडू खाल्ला आणि म्हणाल्या, "बरा हाकतोस."

बायका गेल्यावर ताई टेबलाशी रेंगाळल्या. "ती दुसरी नुसतीच उभी राहणार का?" आदित्यनं सांगितलं की आईच्या फोनवरूनही हाकता येईल, एकाच रुळावर दोघं दोन गाड्या चालवू शकतात. झालं. भाऊजींकडे अकरा, ताईंकडे तीन.

"आधी माझी जाऊ दे, माझी मालगाडी आहे," भाऊजी म्हणाले.

"मालगाडी थांबते, मेल जाते. ड्रायव्हरच्या मुलीला शिकवू नका. सरका."

भाऊजी सरकले.

तिसऱ्या दिवशी गौरी हलवल्या, मुखवटे कपाटात गेले. कालिंदीकाकू उरलेल्या फराळाला आल्या आणि म्हणाल्या, "लतिके, आता टेबल गच्चीवर ना?"

ताईंनी फोनवरून नजर काढली नाही. "कसं काढू, काकू? माझी गाडी लाइनवर आहे."