बजेटआधीचं मोकळं गोदाम

माझ्या वडिलांना जगातली सगळी न उलगडलेली रहस्यं तोंडपाठ होती. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणं झाली की ते सुरू व्हायचे. मेहरौलीच्या लोखंडी खांबाला गंज का चढत नाही, बर्म्युडाच्या त्रिकोणात विमानं जातात कुठे, भर समुद्रात सापडलेल्या जहाजावर एकही माणूस कसा नव्हता. प्रत्येकावर त्यांचं ठाम मत. स्वतःच्या ऑफिसबद्दल मात्र अवाक्षर नाही.

ते बजेटच्या हिंदी अनुवादाचं काम करायचे. गुप्ततेची शपथ घेतलेल्या या लोकांना दर वर्षी बजेटच्या आधी हलवा खायला घालत आणि छापखान्यात बंद करत. भाषण होईपर्यंत घरी येणं नाही, फोन नाही. आई म्हणायची, "चालले सरकारचे जावई."

उदारीकरणाच्या सुरुवातीला मी फरीदाबादला शेड भाड्यानं घेऊन प्लास्टिकची झाकणं बनवायला लागलो. ना भांडवल, ना ओळख. सगळं घासाघीस करून मिळवलेलं. समोरचा किती खाली येईल हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, अजून कळतं. झाकणांसाठी लागणारा प्लास्टिकचा कच्चा दाणा परदेशातून यायचा. त्या वर्षी बाजारात बोलवा उठली, दाण्यावरचा आयात कर वाढणार. मशीन गहाण टाकून गोदाम भरून ठेवावं असं मी ठरवलं.

आधी वडिलांना गाठलं.

"बाबा, बोलू नका. नुसती मान हलवा. घेऊ की थांबू?"

"त्या जहाजाचं विचार, सांगतो."

"जहाज गेलं खड्ड्यात! मी बुडणार की तरणार ते सांगा."

"मला काय माहीत असणार, रे? आत गेल्यावरच कागद दिसतात."

चेहरा कोरा. तेवढा एकच चेहरा मला कधी वाचता आला नाही.

त्या रविवारी ते न कळवता, बस बदलत फरीदाबादला आले. पहिल्यांदाच. शेडमध्ये हिंडले, गोदामाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"मोकळं गोदाम छान दिसतं," म्हणाले.

मी हसलो. "बाबा, मोकळ्या गोदामाला धंदा म्हणत नाहीत."

त्यांनी चहा घेतला आणि परतीची बस पकडली. पुढे ते हलवा खाऊन आत गेले, त्याच दिवशी माझा दाण्याचा ट्रक आला.

कर वाढला नाही, पार खाली आला. शेजारच्या शेडवाल्यांनी स्वस्त दाणा उचलला आणि माझ्या झाकणांना कोणी विचारेना. मशीन गेलं, शेड गेली. भाषणाच्या रात्री वडील दाढी वाढलेले घरी आले होते, तेव्हा दारातच मी ओरडलो होतो, "परक्यानंसुद्धा सांगितलं असतं!"

"अरे, त्यांना आत तरी येऊ दे," आई म्हणाली. त्यांनी चपला काढल्या आणि पाय धुवायला गेले.

मी पुन्हा उभा राहिलो, नवी शेड, नवं गोदाम. गुडगावला बिल्डरला घाम फोडून फ्लॅट घेतला, दोघांना तिथे नेलं. राग तेवढा सोडला नाही. ते रिटायर झाल्यावर एकदा विचारलं, "आता तरी सांगा. त्या रविवारी तुम्हाला माहीत होतं?"

बाल्कनीतून ते समोरचे अर्धवट बांधलेले टॉवर बघत होते. "त्या जहाजावरची माणसं ना," म्हणाले, "मला वाटतं, घाबरून होडीत उतरली असावीत."

आता ते नाहीत. माहीत असून गप्प बसले असतील, तर मुलापेक्षा त्यांना शपथ मोठी वाटली. आणि गोदामातलं ते वाक्य हेच सांगणं असेल, तर जन्मात एकदाच त्यांनी शपथ मोडली, माझ्यासाठी, आणि मी हसलो. यातलं खरं काय ते कोणी सांगणार असेल तर मी भाव करणार नाही. मागेल ते देईन.

दर वर्षी बजेटआधी मी गोदाम रिकामं करून ठेवतो. मॅनेजर कुरकुरतो, "साहब, अब बजट में क्या रखा है? सीझन का टाइम है." मी त्याच्यावर खेकसतो, त्याला बाहेर घालवतो आणि ते उभे होते तसा मधोमध जाऊन उभा राहतो.

छान दिसतं खरं.