एका कोयत्याची दोन माणसं

साठी उलटेपर्यंत भिवराबाईला कुणी विचारलं नव्हतं, की तात्याबा तुझा कोण. विचारलं ते कॅनडानं.

म्हणजे विचारलं पोरानंच, फोनवर. धर्मराज तिकडं ट्रक चालवतो, घर केलंय, बायकोला सातवा लागलाय. "आई, दोन वाटा हायेत," तो म्हणाला. "येक, थोड्या दिवसांचा पाहुणचाराचा व्हिसा. दुसरी, मी तुला कायमचं बोलावून घेतो. पण कायमच्याला नातं कागदावर चोख लागतंय. माझ्या कागदावर बाप सिदू, आन् तुझ्या आधारवर नवरा तात्याकाका. कसं जुळायचं?"

भिवराबाईनं फोन पदराखाली धरला. जणू ते नाव अख्ख्या आळीनं ऐकलं असतं.

नाव कसं चिकटलं ते गावाला ठाऊक होतं. दुष्काळात विहिरीच्या कामावर दरड कोसळून सिदू गेला, तेव्हा धर्मराज अंगावर पीत होता. रानात कुसळ नव्हतं. ऊसतोडीला जावं, तर मुकादम एकट्या बाईला टोळीत घेईना. त्याच्या लेखी कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. मग धाकटा दीर तात्याबा म्हणाला, "वैनी, मी येतो." मुकादमानं वहीत दोघांची जोडी लावून टाकली.

दरसाल टोळीचा ट्रक मांजरसुंब्याला चहाला थांबायचा. तिथं भिवराबाई कपाळाला कुंकू लावायची. सहा महिन्यांनी येताना तिथंच पुसायची. सहकारी कारखान्याच्या तळावर राहायला उसाच्या पाचटाची एकच झोपडी, कोपी. आत ती आणि पोरगं. तात्याबा थंडीवाऱ्यात उसाच्या गाडीखाली झोपायचा. गावात ती त्याला भावजी म्हणायची. तळावर काहीच म्हणायची नाही.

गावच्या सोसायटीच्या रेशन दुकानात नवी कार्डं निघाली. सेक्रेटरीनं मुकादमाची वही बघून नावं उतरवली. कार्डावरून मतदारयादी, यादीवरून आधार. खोटं एकदा शाईत बुडालं की ते खऱ्यापेक्षा जास्त टिकतं.

इथवर लाज नव्हती. पोटाची गोष्ट होती. लाज होती ती पुढच्या एका दिवसाची.

ऊसतोडीच्या पाचव्या साली गेवराईकडचे पाहुणे तात्याबाला बघायला आले. पोरीचा चुलता येता येता रेशन दुकानात चौकशी करून आलेला. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "कार्डावर बायको हाय, अंगणात ल्योक खेळतोय. आमची पोर कुठं बसवावी म्हणता?"

तात्याबा खाली मान घालून बसला. त्यानं काही सांगितलं तरी ते कुणी खरं धरलं नसतं. सांगायचं होतं भिवराबाईनं. ती दाराआड चुलीपाशी होती. मी रांडमुंड बाई, हे माझे दीर, एवढंच. शब्द जिभेवर आलाही होता. पण तात्याबाचं लगीन झालं की त्याचा कोयता त्याच्या बायकोसंगं लागणार. मग आपल्याला टोळीत कोण घेणार? तिनं शब्द गिळला. पाहुणे चहाला न थांबता उठले. गोष्ट पंचक्रोशीत फिरली. पुन्हा त्या दारात कुणी पोरीचा बाप आला नाही.

आणि आता, नातवाचं तोंड बघायचं म्हणून, तोच शब्द प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायला ती तात्याबाला घेऊन बीडच्या कोर्टाबाहेर आली होती.

वकिलाचा कारकून सुंदरराव कागद चाळत म्हणाला, "कशाला येवढा कुटाणा? लगीनच रजिस्टर करून टाका. जोडीनं जाल कॅनडाला."

बाकावरचे दोघंतिघं हसले. भिवराबाईनं पदर पुढं ओढला.

"वैनी हाय ती माझी," तात्याबा म्हणाला. "तसंच लिवा."

सुंदररावानं लिहिलं, वाचून दाखवलं: सदर इसम माझे दीर असून त्यांच्याशी माझा विवाह कधीही झालेला नाही. मग त्यानं तात्याबाला विचारलं, "तुमचं लगीन?"

"न्हाई."

"कावून?"

"जमलं न्हाई."

"जमत व्हतं," भिवराबाई म्हणाली. "मी बोलले न्हाई म्हणून मोडलं. ते बी लिवा."

सुंदररावानं पेन खाली ठेवलं. "बाई, त्याचं कॅनडाला काय घेणं? दोघंबी अंगठा ठेवा."

तात्याबाचा अंगठा कोयत्याच्या मुठीनं गुळगुळीत झालेला. तीनदा शाई लावली तरी कागदावर नुसता डाग. चौथ्यांदा दोनचार रेघा उठल्या.

स्टँडवर गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "भावजी, गेवराईचे पाव्हणे आल्ते, तवा मी दाराआडच व्हते."

"ठावं हाय."

"कसं?"

"त्या दिशी तुझी भाकर करपली व्हती. येरवी कधी करपत न्हाई."

एवढंच. ना राग, ना टोमणा. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मांजरसुंब्याकडची गाडी लागली. तात्याबानं खिडकीतून टॉवेल टाकून दोघांची जागा धरली. भिवराबाई पिशवीतला कागद सांभाळत चढली. जागा रिकामी होती, तो सरकूनही बसला होता. पण त्याच्या शेजारी बसायला ती धजेना. दांडी धरून ती उभीच राहिली.